स्टेप टूचे गुण २२६, हवी आहे सर्जरीची रेसिडेन्सी : अर्ज करावा का?

सुरंगी :
नमस्कार. मी रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिण टोकाकडील एका ग्रामीण रुग्णालयात एमबीबीएसनंतरची बंधपत्राची (बाँडची) सेवा करीत आहे आणि ती येत्या ऑगस्टमध्ये संपेल. अमेरिकेत जनरल सर्जरीची रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयात काम करीत घ्यायचे पदव्युत्तर प्रशिक्षण, मिळावी, यासाठी एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षापासून अभ्यास केला. तिकडच्या परवाना परीक्षेच्या टप्प्यांना स्टेप म्हणतात, त्यांतली स्टेप वन पहिल्या प्रयत्नात पार पडली. २०२२ पासून तिचा निकाल केवळ उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण एवढाच येत असल्यामुळे तिथे मिरवण्यासारखे काही नाही आणि झाकण्यासारखेही नाही. सगळा भार स्टेप टूवर होता आणि तिथे मला २२६ गुण मिळाले. उत्तीर्ण होण्यासाठी २१८ लागतात. अमेरिकेतच शिकलेल्या विद्यार्थ्यांची सरासरी २५० च्या आसपास असते आणि सर्जरीत निवडले जाणारे बहुतेक त्याच्या वरचे असतात. एकदा उत्तीर्ण झालेली परीक्षा गुण वाढवण्यासाठी पुन्हा देता येत नाही, म्हणजे हा आकडा आता जन्माचा सोबती आहे. परीक्षेपूर्वीचे दोन आठवडे सलग रात्रपाळ्या होत्या. ही सबब म्हणून सांगत नाही. प्रत्येकजण विचारतो, म्हणून एकदाच लिहून टाकते.

सप्टेंबरमध्ये सर्जरीसाठी अर्ज करावा, शाखा बदलावी, की हे सारे बाजूला ठेवून इकडच्या पदव्युत्तर प्रवेशासाठी नीट-पीजीची तयारी करावी, असा प्रश्न आहे. आजीचे मत स्पष्ट आहे : "डॉक्टर झालंस मां? मगे अजून खंयचा शिकतंस?" तिच्याखेरीज इतरांची मते हवी आहेत. धीर देऊ नये, माहिती द्यावी.

तिठा :
मला यातले काही कळत नाही, परंतु भाचा याच रांगेत उभा असल्यामुळे जागा धरून बसतो. आजींना माझे अनुमोदन कळवावे.

वाशिष्ठी :
मी मूळची चिपळूणची. नऊ वर्षांपूर्वी अमेरिकेत इंटर्नल मेडिसिनची रेसिडेन्सी केली आणि आता ज्या मध्यम आकाराच्या रुग्णालयात काम करते, तेथील निवड समितीत गेली तीन वर्षे बसते. सर्जरीचे आतले व्यवहार मला प्रत्यक्ष ठाऊक नाहीत, पण अर्ज कसे वाचले जातात, किंवा खरे सांगायचे तर कसे वाचले जात नाहीत, ते सांगू शकते.

आमच्याकडे काही हजार अर्ज येतात आणि मुलाखतीची निमंत्रणे फार तर दीडशे जातात. ते सगळे अर्ज कोणी माणूस वाचत नाही. संगणकावर चाळणी लावली जाते : गुण अमुक, पदवी अमुक वर्षांच्या आतली, प्रयत्न एकच, व्हिसा चालतो की नाही. तुमचे २२६ अनेक ठिकाणी या चाळणीतूनच खाली पडतील आणि अर्जासोबतचे तुमचे निवेदन कितीही सुंदर असले तरी ते कोणी उघडणार नाही. कमी गुणांचे उमेदवार सारी शक्ती निवेदन घासूनपुसून लखलखीत करण्यात घालवतात. अडचण तिथे नसतेच. अर्ज त्या चाळणीला वळसा घालून एखाद्या माणसाच्या हाती कसा पडेल, ही खरी अडचण आहे.

वळसा घालण्याचे मार्ग मला तीन दिसतात. पहिला म्हणजे सिग्नल. अर्जदाराला मोजक्या ठिकाणी "मला तुमच्याकडे यायचे आहे" असे अधिकृतपणे कळवता येते. शाखेनुसार संख्या वेगळी असते. ऑर्थोपेडिक्समध्ये ती ३० असल्यामुळे सिग्नल न मिळालेला अर्ज तिथे जवळजवळ मोजलाच जात नाही. हे सिग्नल नामांकित विद्यापीठांवर उधळू नका. जिथे गेल्या काही वर्षांत परदेशी पदवीधर खरोखर घेतले गेले आहेत, तिथेच द्या. ती यादी प्रत्येक रेसिडेन्सी कार्यक्रमाच्या संकेतस्थळावर रेसिडेंटांची नावे आणि महाविद्यालये वाचून स्वतः करावी लागते. कंटाळवाणे काम आहे, परंतु माझ्या मते सर्वांत उपयोगाचे तेच आहे.

दुसरा मार्ग फोनचा. तुमच्याबरोबर काम केलेला कोणी सर्जन आमच्या संचालकाला फोन करून "हा अर्ज एकदा उघडून पाहा" म्हणाला, तर तो उघडला जातो. निवड होईलच असे नाही, पण उघडला जातो. त्यासाठी त्या सर्जनने तुम्हाला काम करताना पाहिलेले असले पाहिजे. पदवीनंतर बहुतेक ठिकाणी केवळ ऑब्झर्व्हरशिप मिळते, म्हणजे हात मागे बांधून पाहणे. तिथेही सकाळी सर्वांआधी येणारा आणि आदल्या दिवशीच्या रुग्णाचे पुढे काय झाले ते विचारणारा माणूस लक्षात राहतो.

तिसरा मार्ग स्टेप थ्री. रेसिडेन्सीपूर्वी ती देणे बंधनकारक नाही, परंतु चांगल्या गुणांनी दिली तर स्टेप टू हा अपवाद होता, असे म्हणायला जागा मिळते. आता हे सगळे करूनही सर्जरी मिळेल का? मला शंका आहे. अर्ज करू नका, असे मात्र मी म्हणणार नाही.

काजळी :
मी रत्नागिरीत सर्जरी करतो. वाशिष्ठींचा प्रतिसाद प्रामाणिक आहे, पण त्यात एक आकडा राहून गेला. अमेरिकेचे नागरिक नसलेल्या परदेशी पदवीधरांपैकी २०२४ च्या मॅचमध्ये, म्हणजे उमेदवार आणि रुग्णालये यांच्या पसंतीक्रमांवरून जागा वाटण्याच्या वार्षिक प्रक्रियेत, साधारण ५८ टक्क्यांना जागा मिळाली. हे ५८ टक्के सर्व शाखा मिळून आहेत आणि त्यांत मोठा वाटा इंटर्नल मेडिसिनचा आहे. सर्जरीच्या कायम, म्हणजे पूर्ण प्रशिक्षणाच्या, ते ज्याला कॅटेगोरिकल म्हणतात, त्या जागा वेगळ्या काढल्या तर चित्र पुष्कळ आकुंचित होते. कमी गुणांवर जागा मिळवलेल्यांच्या कथा या धाग्यावर आता येतीलच. ज्यांना जागा मिळाली नाही ते धागे काढत नाहीत, हे वाचताना ध्यानात असू द्यावे.

माझे स्वतःचे सांगतो. पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेत माझा क्रमांक इतका मागे होता की सर्जरीचे एमएस मिळणे अशक्य होते. मी एका धर्मादाय रुग्णालयात डीएनबी, म्हणजे एमएसच्या तोडीची पदव्युत्तर पदवी, घेतले. तिथे मोठे नाव नव्हते, वसतिगृहात पाणी एक दिवसाआड यायचे आणि शिक्षक तीनच होते. मात्र रेसिडेंटही चारच होतो, त्यामुळे ज्या वयात माझे अधिक हुशार मित्र मोठ्या महाविद्यालयांत जखम उघडी ठेवणारा रिट्रॅक्टर धरून उभे होते, त्या वयात मी हर्निया स्वतः करीत होतो. डीएनबीची अंतिम परीक्षा कठीण असते आणि मी ती दुसऱ्या प्रयत्नात उत्तीर्ण झालो. आज कोणी रुग्ण मला माझा क्रमांक विचारत नाही. तुम्हाला सर्जन व्हायचे आहे की अमेरिकेत जायचे आहे, हे आधी स्वतःशी ठरवा. उत्तर "सर्जन" असेल तर मार्ग जवळून जातो.

शिवाय इकडे सर्जरीची मागणी सध्या उतरली आहे. चांगले क्रमांक रेडिओलॉजीकडे, त्वचारोगाकडे आणि मेडिसिनकडे धावतात. रात्री-बेरात्री उठण्याची, नातेवाइकांच्या रोषाला सामोरे जाण्याची तयारी असलेले थोडे. जी शाखा तिकडे दुर्मीळ, ती इथे मागच्या फेऱ्यांपर्यंत हाती लागू शकते.

कुळागर :
काजळी, सहमत आणि असहमत. नीट-पीजीत मागच्या फेरीत मिळते, हे ऐकायला बरे वाटते. २०२३ मध्ये पात्रतेची रेषा शून्य पर्सेंटाइलवर आणली गेली, म्हणजे परीक्षा दिलेला प्रत्येकजण पात्र ठरला, तेव्हा आमच्या गावात पेढे वाटले गेले होते. पात्र ठरणे म्हणजे जागा मिळणे नव्हे, हे पेढे संपल्यावर कळले. रिकाम्या राहिलेल्या जागा बहुतांशी शरीररचनाशास्त्र, जीवरसायनशास्त्र अशा विषयांच्या होत्या, किंवा खासगी महाविद्यालयांत ज्यांचे वार्षिक शुल्क ऐकून बागायतदारही कलमे मोजू लागेल अशा होत्या.

तिठा :
कलमे मोजून झाली. पुरत नाहीत.

कुळागर :
माझ्या चुलतभावाचे उदाहरण देतो, कारण काजळींनी न मिळालेल्यांची आठवण काढली. त्याचे गुण सुरंगी यांच्यापेक्षा थोडे अधिकच होते. पहिल्या वर्षी त्याने एका सल्लागार संस्थेला मोठी रक्कम दिली. त्यांनी "हमखास" ऑब्झर्व्हरशिप दिली, म्हणजे एका खासगी दवाखान्यात महिनाभर खुर्चीवर बसण्याची सोय केली आणि शेवटी छापील मजकुराचे शिफारसपत्र दिले, ज्यात दुसऱ्याच कोणाचे तरी नाव एका जागी तसेच राहिले होते. शिवाय सहा शोधनिबंधांवर त्याचे नाव घालून दिले. दोनशेहून अधिक ठिकाणी अर्ज केले. निमंत्रण एक आले. त्या मुलाखतीत त्याला त्यातल्या एका निबंधाची पद्धत विचारली आणि त्याला ती सांगता आली नाही. दुसऱ्या वर्षी एकही निमंत्रण नाही. आता तो गोव्यात एका रुग्णालयात आपत्कालीन विभागात काम करतो आणि सुखी आहे, असे म्हणतो. दोन वर्षांचा खर्च फेडण्याचे काम अजून चालू आहे.

अर्जांचे शुल्कही वाढत्या भांजणीचे आहे : एका शाखेतील पहिल्या ३० ठिकाणांसाठी प्रत्येकी ११ डॉलर, त्यापुढे प्रत्येकी ३० डॉलर. "सगळीकडे टाकून पाहू" हे धोरण म्हणजे गळ न लावता समुद्रात पैसे टाकणे आहे.

वाशिष्ठी :
कुळागर, तुम्ही सांगितलेला मुलाखतीचा प्रसंग मी समितीच्या बाजूने अनेकदा पाहिला आहे. अर्जात पंधरा निबंध आणि एकाविषयीही दोन वाक्ये धड बोलता येत नाहीत. त्याने गुणांपेक्षा अधिक नुकसान होते, कारण कमी गुणांमुळे क्षमतेची शंका येते आणि या प्रकारामुळे प्रामाणिकपणाची. पहिली शंका कामाने फिटते.

सावित्रीकाठ :
शोधनिबंधांचा विषय निघाला म्हणून लिहितो. मी महाडचा आहे, डॉक्टर नाही. आमच्याकडे डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. त्या काळी कोकणातल्या लाल विंचवाचा दंश झालेली माणसे हृदय कमकुवत होऊन, फुफ्फुसांत पाणी भरून दगावत. त्यांनी खाटेशेजारी बसून, दर थोड्या वेळाने नाडी-रक्तदाब लिहून काढला आणि १९८२ मध्ये त्यांची निरीक्षणे लॅन्सेटमध्ये छापून आली. पुढे प्राझोसिन हे रक्तदाबाचे साधे औषध या दंशावर उपयोगी पडते, हे त्यांनी दाखवून दिले. २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. हे काम कोणत्याही मोठ्या प्रयोगशाळेत झाले नाही. विंचू जिथे होते तिथे झाले. सुरंगी यांच्याकडे असे काही नसेलच, असे का गृहीत धरायचे?

काजळी :
बावस्करांविषयी आदर आहेच. मात्र त्यांनी ते काम कोठे अर्ज करायचा म्हणून केले नव्हते आणि ते उभे राहायला वर्षे लागली. तीन महिन्यांत अर्जासाठी "संशोधन" उभे करायचे म्हटले की कुळागरांच्या चुलतभावाच्या वाटेनेच जावे लागते.

सुरंगी :
सर्वांचे आभार. काही गोष्टी मी आधी लिहिल्या नव्हत्या, त्या आता लिहिते.

माझ्याकडे एक वही आहे. रुग्णालयात रुजू झाल्यापासून झाडावरून पडून आलेल्या प्रत्येक रुग्णाची नोंद मी तीत केली आहे : झाड कोणते, अंदाजे उंची, वेळ, कमरेला दोर होता की नाही, पडल्यापासून आमच्याकडे पोहोचायला लागलेला वेळ, पुढे पाठवले असल्यास कोठे आणि नंतर काय झाले. पहिला रुग्ण मार्चमध्ये आला होता. माडावरून पडलेला, वयाने माझ्या वडिलांएवढा, पाठीचा कणा मोडलेला. १०८ ची गाडी मिळून घाट चढून कोल्हापूरला पोहोचेपर्यंत सहा तास गेले. त्या रात्री मला करता येण्यासारखे फार थोडे होते आणि जे होते तेही मी पुरेशा वेगाने केले नाही, असे मला वाटत राहिले. म्हणून वही सुरू केली, अर्जासाठी नव्हे. एप्रिल-मे मध्ये आंब्याच्या काढणीत हे रुग्ण वाढतात, पावसाआधी नारळ-पोफळीच्या कामांत पुन्हा वाढतात. आजपर्यंत पन्नासहून अधिक नोंदी झाल्या आहेत.

ही वही कोणाला दाखवण्यासारखी आहे, असे मला आजवर वाटले नव्हते.

काजळी :
माझे मागचे वाक्य मागे घेतो. अशी वही मी चौदा वर्षांत ठेवली नाही आणि माझ्याकडे येणाऱ्या अशा रुग्णांची संख्या तुमच्यापेक्षा जास्त असावी.

आता व्यवहाराचे बोलू. रुग्णांच्या माहितीवर आधारित काही प्रसिद्ध करायचे तर नैतिक समितीची परवानगी लागते आणि ग्रामीण रुग्णालयात अशी समिती नसते. अलीकडे रत्नागिरीला आणि ओरोसला शासकीय वैद्यकीय महाविद्यालये झाली आहेत, डेरवणलाही महाविद्यालय आहे. तिथल्या शल्यचिकित्सा किंवा जनऔषधवैद्यक (कम्युनिटी मेडिसिन) विभागातील एखाद्या प्राध्यापकांना सोबत घ्या. तुमच्या वैद्यकीय अधीक्षकांची लेखी संमती आधी घ्या. घाई करून कोठल्यातरी पैसे घेऊन छापणाऱ्या नियतकालिकात देऊ नका. सप्टेंबरपर्यंत ते छापून येणार नाही आणि येण्याची गरजही नाही. "काम चालू आहे" असे अर्जात लिहिता येते, आणि विचारले तर तुम्ही तासभर बोलू शकाल.

वाशिष्ठी :
बरोबर. निवेदनाची सुरुवातही तिथूनच करा. "लहानपणापासून शस्त्रक्रियेचे आकर्षण होते" या वाक्याने सुरू होणारी निवेदने मी इतकी वाचली आहेत की ते वाक्य दिसताच डोळा पुढच्या परिच्छेदावर जातो. घाट, सहा तास, दोर नसलेला माणूस एवढे पुरे. अपघातशल्यचिकित्सेत काम करणाऱ्या अमेरिकी सर्जनला माडाची उंची समजावून सांगावी लागेल, पण रुग्णालयापर्यंतचे अंतर समजावून सांगावे लागणार नाही. तिकडेही अशी खेडी आहेत, जिथून मोठे रुग्णालय तासन्‌तास दूर असते.

उंडी :
मी सध्या अमेरिकेत रेसिडेन्सीच्या दुसऱ्या वर्षात आहे, शाखा पॅथॉलॉजी. माझेही गुण बेताचेच होते. एक मुद्दा वाशिष्ठींकडून राहून गेला. निवेदनात २२६ चे स्पष्टीकरण द्यायचे की नाही, ते त्यांनी सांगितले नाही. मला माझ्या मार्गदर्शकाने "गुणांचा उल्लेखच करू नकोस" असे सांगितले होते, आणि तीन मुलाखतींत तोच पहिला प्रश्न आला. उत्तर तयार नसल्यामुळे मी दोनदा गडबडले. तिसऱ्या वेळी सरळ सांगितले की माझी तयारी कमी पडली, त्यानंतर मी हे-हे केले. ती जागा मला मिळाली.

वाशिष्ठी :
उंडी, निवेदनात लिहू नये, मुलाखतीत टाळू नये, असे माझे मत आहे. निवेदन एक पानाचे असते. त्यातले चार ओळींचे भांडवल एका आकड्याची माफी मागण्यात कशाला घालवायचे? आणि रात्रपाळ्यांचा उल्लेख तिथेही करू नका. रेसिडेन्सीत रात्रपाळ्याच असतात. ऐकणारा मनात म्हणेल की मग हिचे इथे कसे होणार.

सुरंगी :
हे मला सुचलेच नव्हते. तो मजकूर मसुद्यातून आताच काढला.

रापणकर :
व्हिसाचा विषय कोणीच नीट काढला नाही. गुणांइतकाच तो आडवा येतो. एच-१बी या नोकरीच्या व्हिसासाठी स्टेप थ्री आधीच झालेली असावी लागते, बरीच रुग्णालये तो देतच नाहीत, आणि सप्टेंबर २०२५ च्या घोषणेने नव्या अर्जांवर १ लाख डॉलरचा भार टाकल्यानंतर छोट्या रुग्णालयांनी हात आणखी आखडता घेतला तर नवल नाही. राहतो जे-१, म्हणजे प्रशिक्षणासाठी येणाऱ्यांचा व्हिसा. त्यासाठी आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाचे पत्र लागते आणि शिक्षण संपल्यावर दोन वर्षे मायदेशी परतण्याची अट असते. ती अट माफ करून घ्यायची असेल, तर तिकडच्या वैद्यकीय सेवा अपुऱ्या असलेल्या भागात तीन वर्षे नोकरी करावी लागते. प्रत्येक राज्याला अशा ३० जागांची वार्षिक मर्यादा आहे.

तिठा :
म्हणजे इकडचा बाँड संपवून तिकडच्या बाँडला. भाच्याला कळवतो.

काजळी :
सुरंगी, शाखा बदलण्याविषयीही बोलले पाहिजे. उंडी यांनी पॅथॉलॉजी घेतली, ती आवडीने की सोयीने?

उंडी :
सोयीने सुरू केली. पहिले सहा महिने काचपट्टीवरचा प्रत्येक ठिपका सारखाच दिसायचा आणि मी रोज सायंकाळी घरी फोन करून रडायचे. आता सर्जन ऑपरेशनच्या मध्येच ऊतीचा तुकडा गोठवून तपासण्यासाठी खाली पाठवतात आणि माझ्या वरिष्ठांच्या व माझ्या उत्तराची वाट पाहत हात धुऊन उभे राहतात, तेव्हा बरे वाटते. परंतु ज्याला हातात चाकू हवा आहे त्याने माझ्यासारखे करावे, असे मी म्हणणार नाही. तुमच्या वहीतून मला तरी पॅथॉलॉजिस्ट दिसत नाही.

एक गोष्ट मात्र जरूर लक्षात घ्या. सर्जरीत प्रिलिम नावाच्या एक वर्षाच्या जागा असतात. त्यांतल्या काही पुढे दुसऱ्या शाखेत जाणाऱ्यांसाठी असतात, पण उरलेल्यांना पुढचे काहीच ठरलेले नसते आणि त्यांतील कित्येक दरवर्षी रिकाम्या राहतात. मार्चमध्ये मॅचच्या आठवड्यात सोमवारी जागा मिळाली की नाही एवढेच कळते. ज्यांना मिळाली नाही त्यांच्यासाठी गुरुवारी उरलेल्या जागांच्या चार फेऱ्या होतात. २२६ गुणांवर सर्जरीच्या विभागात पाऊल टाकण्याचा सर्वांत शक्य मार्ग तोच आहे.

काजळी :
आणि सर्वांत निसरडाही तोच. माझ्या माहितीतल्या एकाने असे प्रिलिमचे वर्ष केले. सर्वांत जड कामे, सर्वांत कमी ऑपरेशने, आणि वर्षाच्या मध्यावर पुन्हा अर्ज-मुलाखती. वर्षअखेर सर्जरीची जागा मिळाली नाही, फॅमिली मेडिसिनमध्ये गेला. वाईट झाले असे नाही, पण जे मनात होते ते झाले नाही.

उंडी :
त्या वर्षात त्याला त्या रुग्णालयाच्या सर्जनांनी काम करताना पाहिले, हे विसरू नका. प्रिलिममधून कायम जागेवर गेलेलीही एक मुलगी माझ्या रुग्णालयात आहे. दुसऱ्या वर्षाचा कोणी शाखा सोडून गेला आणि विभागाला ओळखीचा हात हवा होता.

काजळी :
कोणी सोडून जाईल या आशेवर एक वर्ष काढायचे, असा त्याचा अर्थ झाला.

उंडी :
होय, तसाच झाला.

सुरंगी :
बरेच दिवस इकडे येणे झाले नाही. आता डिसेंबर उजाडला. काय झाले ते सांगते आणि एक प्रश्न विचारते.

बंधपत्र ऑगस्टमध्ये संपले, तरी मी कंत्राटी पद्धतीवर त्याच रुग्णालयात राहिले. मध्ये सहा आठवडे अमेरिकेत अपघातशल्यचिकित्सा विभागात ऑब्झर्व्हरशिप केली. ती स्वतः ई-मेल पाठवून मिळवली. नव्वद-एक पत्रे गेली, उत्तरे सात आली, होकार एक. तिथल्या सर्जननी शिफारसपत्र दिले आणि दोन ठिकाणी फोन केले. वहीचे काम एका महाविद्यालयाच्या नैतिक समितीपुढे गेले, परवानगी मिळाली. काजळींनी आपल्याकडचे गेल्या वर्षाचे रुग्ण त्यात जोडायला दिले, याबद्दल त्यांचे वेगळे आभार मानले तर ते रागावतील, म्हणून मानत नाही. अर्ज चौसष्ट केले, सगळे यादी तपासून.

निमंत्रणे चार आली आहेत : तीन प्रिलिमची आणि एक कायम जागेची. कायम जागेचे निमंत्रण ज्या दोन ठिकाणी फोन गेला होता त्यांपैकी एकाचे आहे. मार्चच्या सुरुवातीपर्यंत पसंतीक्रम द्यायचा आहे. कायम जागा मला मिळण्याची शक्यता कमी आहे. तिला पहिल्या क्रमांकावर ठेवले आणि ती मिळाली नाही, तर प्रिलिमच्या जागाही तोवर भरून जातील का? शक्य तेच आधी लिहावे, असे एका मैत्रिणीचे म्हणणे आहे.

वाशिष्ठी :
मैत्रिणीचे म्हणणे चूक आहे आणि ही चूक दरवर्षी कोणीतरी करते. मॅचची पद्धत १९५२ पासूनची असून १९९८ पासून ती उमेदवाराच्या बाजूने चालते. संगणक तुमची पहिली पसंती आधी विचारतो. तिथे जागा मिळाली नाही तर दुसरीकडे जातो, आणि दुसरीकडे कोणी आधी तात्पुरते बसलेले असले तरी त्या रुग्णालयाच्या यादीत तुम्ही वर असाल तर त्याला उठवून तुम्हाला बसवतो. म्हणजे पहिल्या क्रमांकाची आशा धरल्याची शिक्षा दुसऱ्या क्रमांकावर होत नाही. ज्या अल्विन रॉथ यांनी ही सुधारणा केली, त्यांना २०१२ मध्ये अशाच प्रकारच्या कामासाठी अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले आहे. त्यामुळे मैत्रिणीपेक्षा त्यांच्यावर विश्वास ठेवावा. मनात ज्या क्रमाने आहे त्याच क्रमाने लिहा.

काजळी :
आणि जे खरोखर नको आहे ते लिहूच नका, कारण मिळाले तर जाणे बंधनकारक असते. प्रिलिमविषयी माझे मत तुम्हाला माहीत आहे. ते बदललेले नाही, पण ते वर्ष तुमचे आहे, माझे नव्हे.

सुरंगी :
तिन्ही प्रिलिम लिहिणार आहे. कायम जागा पहिली.

तिठा :
निकाल मार्चमध्ये, म्हणजे शिमग्यात. पालखी दारात असताना फोन पाहू नये.

सुरंगी :
त्याआधीची अडचण मोठी आहे. कायम जागेची मुलाखत येत्या मंगळवारी, त्यांच्या सकाळी दहा वाजता, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेआठला, ऑनलाइन. आमच्या क्वार्टरमध्ये गेला आठवडाभर त्याच सुमारास वीज जाते आहे आणि मोबाइलला रेंज केवळ मागील दारच्या पायरीवर येते.

काजळी :
माझ्या दवाखान्यात इन्व्हर्टर, जनरेटर आणि तारेचे इंटरनेट आहे. सातपर्यंत या, म्हणजे आधी जोडून पाहता येईल. बाह्यरुग्ण विभाग त्या दिवशी साडेसातला बंद करतो. ऑपरेशन थिएटरच्या बाजूची खोली घ्या, रस्त्याकडच्या खोलीत एसटीचा आवाज येतो. वही सोबत आणा.